बुधवारी 50, शुक्रवारी 28 : पुण्याची चढाई दिल्लीच्या भिंतीला कशी अडकली, आणि गुजरातची भिंत का टिकत नाही?

कडोदरा (सुरत) : मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-धुळे रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तो कडोदऱ्याचा चौक. इथून नवापूर साधारण शंभर किलोमीटर. चौकापासून पुढे जीआयडीसीपर्यंत प्रोसेसिंगच्या मिलांची रांग आहे आणि त्या मिलांत नंदुरबार, शहादा, शिरपूर, अमळनेर, साक्रीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबतात. दिवाळीला गावी गेलेली ही मंडळी लाभपाचमीनंतर हळूहळू परततात. यंदा लाभपाचम 26 ऑक्टोबरला होती, म्हणजे प्रो कबड्डीच्या बाराव्या मोसमाचा शेवटचा आठवडा आणि परतीची गर्दी एकाच वेळी आली. कोणी गावातल्या ओट्यावर, कोणी भुसावळ-सुरत गाडीत, कोणी चौकातल्या चहाच्या टपरीवर मोबाईल ग्लासाला टेकवून सामने पाहिले.

त्यामुळे शुक्रवारी 31 ऑक्टोबरच्या रात्री दिल्लीत दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला 31-28 असं हरवलं, तेव्हा कडोदऱ्यात एकच विषय होता. बुधवारी 29 तारखेला याच पुण्याने तेलुगू टायटन्सविरुद्ध 50 गुण केले होते. आदित्य शिंदेने एकट्याने 22 गुण घेतले होते. सामना 50-45 असा सुटला, दोन्ही बाजू धरल्या तर 95 गुण! आणि दोनच दिवसांनी तोच संघ, तेच गडी, 28 वर अडकले. झालं काय?

कडोदऱ्यातल्या माणसाला हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. त्याचं एक मन पुण्याकडे असतं आणि दुसरं, पोट जिथं भरतं त्या गुजरातकडे. आणि गुजरातचा संघ तर गेली आठ वर्षं याच प्रश्नाशी झुंजतो आहे. भरमसाठ गुण करणाऱ्या चढाईला भिंत थोपवू शकते का, की भिंत बांधणाऱ्याने फक्त फायनलपर्यंत यायचं आणि कप दुसऱ्याला द्यायचा?

फुटबॉलमध्ये असलेली सोय इथे नाही

आधी खेळाची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, नाहीतर पुढचा हिशोब कळणार नाही.

फुटबॉलमध्ये समोर गोलांचा पाऊस पाडणारा संघ असला, तर त्याला उपाशी ठेवायची एक सोय असते. चेंडू आपल्याच पायात फिरवत राहायचा. ज्याच्याकडे चेंडूच नाही तो गोल करणार कसा? 4 मे 2024 रोजी कोलकात्यात इंडियन सुपर लीगच्या फायनलमध्ये मुंबई सिटीने मोहन बागानला त्यांच्याच घरच्या मैदानावर 3-1 हरवलं. मुंबईचा कर्णधार होता मुंबईचाच बचावपटू राहुल भेके. बागानचा पहिला गोल 44 व्या मिनिटाला झाला, पण त्यानंतर त्यांना एकही करता आला नाही.

कबड्डीत ही सोय नाही. इथे चेंडूच नाही. एक चढाई तुमची, एक त्यांची, नियमानेच. समोरच्याची पाळी तुम्ही हिरावून घेऊ शकत नाही. पण एक गोष्ट हिरावता येते: माणूस. त्यांची पाळी येणारच, मात्र त्या पाळीला त्यांचा हुकमी गडी आत असेल की बाहेर बाकावर, हे ठरवणं तुमच्या हातात असतं.

कबड्डी खेळलेल्या माणसाला हे सांगायला नको, तरी ज्यांनी फक्त टीव्हीवर पाहिली त्यांच्यासाठी. चढाईपटू पकडला गेला की एक गुण मिळतो, हे सगळे पाहतात. खरी कमाई त्यापुढची आहे. तो बाहेर बसतो आणि त्याच्या संघाने समोरचा गडी मारला किंवा पकडला, तरच त्याला उठता येतं. बोनसच्या गुणाने गडी उठत नाही. बाद झालेले उठतात तेही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. म्हणजे हुकमी गडी एकदा बसला, की त्याला बसवूनच ठेवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय कोणता? तुमच्या चढाईपटूने पकडलं न जाता परत येणं. दोन चढाया रिकाम्या गेल्या तरी चालतील. तोवर घड्याळ पळतं आणि समोरचा हिरो बाकावर बसून राहतो.

म्हणून भिंत टिकते ती अर्धी भिंतीच्या जोरावर आणि अर्धी स्वतःच्या चढाईपटूंच्या संयमावर. टीव्हीवर हे दिसत नाही. तिथे कॅमेरा उडी मारणाऱ्यामागे धावतो, हात हलवत परत येणाऱ्यामागे नाही.

चेन्नई, 2017

2017 साली गुजरात पहिल्यांदाच प्रो कबड्डीत उतरला. नाव होतं गुजरात फॉर्च्यून जायंट्स. प्रशिक्षक मनप्रीत सिंग, ज्याने कर्णधार म्हणून 2016 च्या सुरुवातीला पाटणा पायरेट्सला कप जिंकून दिला होता. डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली, उजव्या कोपऱ्यात इराणचाच अबोझर मिघानी. मध्ये कव्हरला परवेश भैंसवाल आणि सुनील कुमार. पदार्पणातच संघ आपल्या गटात पहिला आला. मुंबईत क्वालिफायरला बंगाल वॉरियर्सना त्यांनी 42-17 असं धुतलं. फक्त 17! भिंत म्हणावी तर ही, असंच सगळे म्हणत होते.

फायनलला समोर आला पाटणा आणि प्रदीप नरवाल. त्या मोसमात त्याचे चढाईचे 369 गुण झाले. बाद फेरीत हरियाणाविरुद्ध तर एकाच सामन्यात त्याने 34 घेतले होते आणि पाटणाने तो सामना 69-30 असा जिंकला होता. त्याची डुबकी, म्हणजे साखळीच्या हाताखालून वाकून निसटणं, तेव्हा शाळेच्या मैदानावरची पोरंही करून पाहायची आणि तोंडावर आपटायची.

28 ऑक्टोबर 2017, चेन्नई. मध्यंतराला पाटणा 21-18 पुढे, म्हणजे सामना हातात होता. दुसऱ्या सत्रात पाटणाने 34 गुण केले. निकाल 55-38. प्रदीपचे एकट्याचे 19.

हरल्यावर सगळ्यांनी एकच वाक्य पकडलं, की भिंत कोसळली. पण दुसरा आकडा पाहा. गुजरातने 38 गुण केले होते. फायनलमध्ये 38 गुण हे बहुतेक वेळा जिंकायला पुरेसे असतात. या लीगच्या पुढच्या आठ वर्षांत एकाही विजेत्याने फायनलमध्ये 39 हून अधिक गुण केलेले नाहीत. गुजरात कमी पडला तो गुणांत नाही. सामना ज्या वेगाने गेला त्यात तो अडकला. दोन्ही बाजूंनी गडी पडत होते, उठत होते, पुन्हा पडत होते. असा वेगवान सामना नेहमी चढाईपटूचा असतो. बाद झाला तरी मिनिटभरात तो परत आत येतो, कारण त्याच्या बाजूचा कोणीतरी गडी मारतोच.

मुंबई, 2019

पुढच्या मोसमात पुन्हा तीच गोष्ट, फक्त नावं बदलली. 5 जानेवारी 2019, मुंबई. गुजरात पुन्हा फायनलला. कोपऱ्यात या वेळी महाराष्ट्राचा ऋतुराज कोरवी, म्हणून इकडच्या मराठी घरांना गुजरातचा संघ आणखी आपला वाटत होता. समोर बेंगळुरू बुल्स आणि पवन सेहरावत. त्याने मोसमात चढाईचे 270 हून अधिक गुण केले होते आणि क्वालिफायरला याच गुजरातला 41-29 हरवण्यात त्याचा मोठा वाटा होता.

मध्यंतराला गुजरात 16-9 पुढे. वीस मिनिटांत बेंगळुरूला फक्त नऊ गुण! इथपर्यंत गुजरातने सगळं बरोबर केलं होतं. सामना संथ होता, गुण कमी होते, पवन गप्प होता. मग दुसऱ्या सत्रात बेंगळुरूने 29 गुण केले. पवनचे सामन्यातले एकूण 22. निकाल 38-33.

हा पराभव चेन्नईपेक्षा जास्त शिकवून जाणारा आहे, असं म्हणायला हरकत नाही. चेन्नईत पाटणा पहिल्यापासून बरोबरीने होता. मुंबईत भिंतीने अर्धा सामना पूर्ण जिंकला होता. सात गुणांची आघाडी असताना काय करायचं असतं? काहीच नाही. परत यायचं. दर चढाईला तीस सेकंद खायचे, निदानरेषा ओलांडायची आणि परत. तिसरी चढाई आली, म्हणजे ज्यात गुण केला नाही तर बाद, तेव्हाच जोखीम घ्यायची. पण आघाडीवर असलेल्या संघाला वाटतं की आता एक लोण द्यावा आणि सामना संपवावा. तिथेच गडबड होते. लोण द्यायला गेलेला गडी पकडला जातो, समोरचा हुकमी गडी उठतो आणि त्याच्यासमोर आता सात नाही, पाच-चार गडी असतात. चार गड्यांत साखळीच बनत नाही. कोपऱ्यातला एकटा पट काढायला जातो, कव्हर दूर असतं, आणि पवनसारखा गडी त्याच्या डोक्यावरून निघून जातो.

तीनच गडी उरले की पकडीला दोन गुण मिळतात, त्याला मराठीत अव्वल पकड म्हणतात. त्यावर भरवसा ठेवून काही संघ खेळतात. पण तो भरवसा जुगाराचाच. रोज अव्वल पकडी होत असत्या तर सात गडी कोणी उतरवले असते?

हरलेला प्रशिक्षक हरियाणात

दोन्ही वेळा हरलेला मनप्रीत सिंग पुढे गुजरात सोडून हरियाणा स्टीलर्सकडे गेला. तिथेही 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला तो फायनल हरला. समोर पुणेरी पलटण, निकाल 28-25. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण घेतले आणि सामना फिरला. प्रशिक्षक म्हणून तिसरी फायनल, तिसरा पराभव. चौकातल्या भाषेत सांगायचं तर माणूस पणवतीच ठरला असता.

पण या पराभवातही आकडे बदललेले होते. 55 दिले, मग 38 दिले, आता 28. तिन्ही फायनल हरला, पण दर वेळी समोरच्याला कमी गुण देत गेला.

मग आली 29 डिसेंबर 2024 ची रात्र. पुण्यात बालेवाडीला अकराव्या मोसमाची फायनल. हरियाणासमोर पुन्हा पाटणा. पाटणाकडे पुन्हा एक गुणांचं यंत्र, देवांक दलाल, ज्याचे मोसमात चढाईचे 301 गुण झाले. जोडीला अयान लोहचाब. कागदावर हा 2017 चाच सामना होता, प्रदीपच्या जागी देवांक.

निकाल 32-23. देवांकचे फक्त पाच गुण.

मध्यंतराला 15-12, दुसऱ्या सत्रात पाटणाला अकराच. महंमदरझा शादलूईच्या पकडीचे सात गुण, आणि चढाईत आपल्या महाराष्ट्राच्या शिवम पटारेचे नऊ. आता इथे थांबून दोन आकडे शेजारी ठेवा. 2017 ला गुजरातने 38 गुण करून फायनल गमावली. 2024 ला हरियाणाने 32 गुण करून ती नऊच्या फरकाने जिंकली. प्रशिक्षक तोच. सहा गुण कमी केले आणि कप मिळाला.

शिवमचे नऊ गुण फार वाटत नाहीत. पण त्या रात्री हरियाणाला वीस गुण घेणारा गडी नकोच होता. त्यांना हवा होता परत येणारा गडी. भिंतीसमोर देवांक आला की त्याच्यासमोर सहा-सात गडी उभे असायला हवेत, ही पहिली अट. ती अट कोपरा पूर्ण करत नाही, चढाई करून सुखरूप परत येणारा पूर्ण करतो. सात गडी आत असले की समोरच्याला बोनस मिळू शकतो हे खरं. बोनस जाऊ द्यायचा. बोनसने त्यांचा बसलेला गडी उठत नाही.

मग यंदा गुजरातचं काय चुकलं?

आता येऊ कडोदऱ्याच्या दुखऱ्या भागाकडे.

बाराव्या मोसमाच्या लिलावात गुजरात जायंट्सने सगळ्यात महागडा गडी घेतला. शादलूई, किंमत 2 कोटी 23 लाख. याच शादलूईने दहाव्या मोसमात पुण्याला आणि अकराव्यात हरियाणाला कप मिळवून दिला होता. सलग दोन वर्षं, दोन वेगळे संघ, दोन कप. गुजरातने विचार केला असणार की तिसरा आपला. त्याला कर्णधारही केलं. दुसऱ्या क्रमांकाची किंमत मिळाली ती देवांकला, 2 कोटी 20 लाख 50 हजार, बंगालकडून. म्हणजे बाजाराने भिंतीला चढाईपेक्षा अडीच लाख जास्त मोजले.

आणि झालं काय? पुढच्या फेरीत आठ संघ गेले. त्यात गुजरातही नव्हता आणि बंगालही. सगळ्यात महाग भिंत आणि सगळ्यात महाग चढाई, दोन्ही घरी.

यात नशीब वगैरे काही नाही. पुण्यात आणि हरियाणात शादलूई एकटा नव्हता. हरियाणात दुसऱ्या कोपऱ्यात राहुल सेठपाल होता, कव्हरला जयदीप आणि संजय. डावा कोपरा पट काढायला झेपावतो, तेव्हा समोरचा गडी फक्त पाऊण सेकंद अडतो. त्या पाऊण सेकंदात कव्हरने येऊन धक्का दिला नाही, तर तो कोपऱ्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि हात लावतो. मग गुणही जातो आणि कोपराही. कोपरा आणि कव्हर यांचं हे जमणं महिन्याभराच्या शिबिरात येत नाही. दोन-तीन मोसम शेजारी उभं राहावं लागतं. हातात हात धरून साखळी करायची असते, तर शेजारच्याच्या मनगटाला घाम किती येतो हेही माहीत असावं लागतं.

मिलमधल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. एक कारागीर कितीही पगार देऊन आणला, तरी त्याच्या शेजारचं मशीन रोज बंद पडत असेल तर माल निघत नाही.

2017 च्या गुजरातकडे तेच होतं जे यंदा नव्हतं. दोन्ही कोपरे, दोन्ही कव्हर, चौघंही तोलामोलाचे. आणि 2017 ला जे नव्हतं, म्हणजे संयमाने परत येणारी चढाई, ते यंदाही दिसलं नाही. आठ वर्षांत संघाने भिंतीच्या विटा बदलल्या, दाराकडे कोणी पाहिलंच नाही.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यांत येत नाही. गुजरातला घरचं मैदान मिळालेलं नाही. दहाव्या मोसमाची सुरुवात डिसेंबर 2023 मध्ये अहमदाबादला झाली होती. त्यानंतर अकरावा मोसम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला, आणि बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. दिल्लीने यंदाचा कप आपल्या प्रेक्षकांपुढे उचलला. गुजरातच्या माणसाला आपला संघ प्रत्यक्ष बघायलाही दोन वर्षं झाली. मोबाईलवर आरडाओरडा करून भिंत उभी राहत नाही, हे मान्य. पण तिसऱ्या चढाईला समोरच्याच्या कानात चार हजार लोकांचा आवाज गेला तर फरक पडतोच.

शुक्रवारच्या रात्री दिल्लीने काय केलं?

परत पहिल्या प्रश्नाकडे. पुणे 50 वरून 28 वर कसं आलं?

पहिलं, पुणे कमकुवत झालेलं नव्हतं. साखळीत दोन्ही संघांचे 26-26 गुण होते, पुणे वरचढ सरासरीने पहिलं. क्वालिफायरला दोघांत 34-34 अशी बरोबरी झाली आणि निर्णय टायब्रेकरवर गेला. म्हणजे दिल्लीलाही चार दिवस आधी पुण्याला 28 वर रोखता आलेलं नव्हतं.

दुसरं, बुधवारचे 50 गुण फसवे होते. तेलुगू टायटन्स हा चढाईवर जगणारा संघ. त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी पाटणाला 46-39 हरवलं होतं आणि त्यात अयान लोहचाबने वीसहून अधिक गुण घेऊनही पाटणा घरी गेला होता. टायटन्स ज्या सामन्यात असतात तो सामना धावतोच. त्यांच्याविरुद्ध 50 करणं म्हणजे उतारावर गाडी पळवणं. पुण्याने त्याच सामन्यात 45 दिलेही होते, हे कडोदऱ्यात बुधवारी रात्री कोणी मोजलं नाही.

फायनलमध्ये दिल्लीने उतार ठेवलाच नाही. मध्यंतराला 20-14. नीरज नरवालचे नऊ, अजिंक्य पवारचे सहा, एकाही गड्याचे दहा नाहीत. गुण वाटून घेतलेले. एका माणसावर संघ चालत नसला, की तो माणूस पकडला गेल्याने काही अडत नाही. आदित्य शिंदेने फायनलमध्येही दहा गुण घेतलेच. म्हणजे त्याला कोणी पूर्ण थांबवलं नाही. 22 चे दहा केले, बस. तेवढंच पुरेसं असतं. प्रदीपचे 19, पवनचे 22, देवांकचे पाच, आदित्यचे दहा. हे चार आकडे आणि चार निकाल शेजारी लिहिले की कळतं, हुकमी गड्याला शून्यावर ठेवायची गरज नसते. त्याला बारा-पंधराच्या वर जाऊ द्यायचं नसतं.

दुसऱ्या सत्रात पुणे परत आलं. ते सत्र त्यांनी 14-11 असं जिंकलं आणि शेवटच्या मिनिटात अंतर दोन गुणांवर आणलं. इथे 2019 ची पुनरावृत्ती होऊ शकली असती. सहाची आघाडी वितळत आली होती, समोर फॉर्मात असलेला चढाईपटू होता. पण दिल्लीच्या भिंतीत तेव्हाही पुरेसे गडी उभे होते, आणि शेवटच्या क्षणांत आदित्य आत आला तेव्हा त्याला धरणारा होता फझल अत्राचली.

तोच फझल, जो 2017 ला चेन्नईत गुजरातच्या डाव्या कोपऱ्यात उभा होता आणि प्रदीपला सुटताना पाहत होता.

लीगच्या फायनलमधले दोन्ही बाजूंचे गुण ओळीने मांडले तर हा बदल एकट्या दिल्लीचा नाही हे दिसतं. 2017 ला 93. पुढे 71, 73, 73, 62, 53, 55, आणि यंदा 59. मोठ्या सामन्यात आता कोणी धावत नाही. साखळीत धावा, गर्दी खेचा, रील बनवा. कपाच्या रात्री मात्र चालायचं.

नवापूरच्या पोराने काय घ्यायचं यातून?

कडोदऱ्यातल्या कामगारांच्या गावी, नवापूर-शहाद्यापासून शिरपूरपर्यंत, हिवाळ्यात कबड्डीच्या स्पर्धा लागतात. बक्षिसांच्या फलकावर उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड अशी दोन्ही नावं असतात, पण पोरांना विचारलं तर दहातल्या आठांना चढाईच करायची असते. साहजिक आहे. शिट्ट्या तिथेच पडतात. कोपऱ्यात उभं राहणाऱ्याच्या वाट्याला गुडघा, खांदा आणि बोटं येतात.

पण लिलावाचे आकडे वेगळं सांगतात. यंदा सगळ्यात मोठी बोली कोपऱ्यातल्या गड्यावर लागली. शिवाय मातीवर शिकलेल्या कोपऱ्याला मॅटवर एक अडचण येते, ती आत्ताच दुरुस्त करता येते. मातीत पाय रुततो, झेप घेताना जमीन साथ देते. मॅटवर बुटाने पकड घ्यावी लागते आणि झेप अर्धा पाऊल उशिरा सुटते. पट काढण्यात अर्धं पाऊल म्हणजे सगळंच. ज्या तालुक्यात मॅट आहे तिथल्या शाळांनी ती फक्त स्पर्धेच्या दिवशी न अंथरता सरावालाही अंथरली, तर फरक दिसेल. आणि कोपरा-कव्हरची जोडी एकत्र निवडायला हवी. जिल्हा निवडीत चांगला कोपरा एका गावाचा आणि चांगलं कव्हर दुसऱ्या गावाचं घेतात, आठ दिवस सराव होतो आणि मग राज्य स्पर्धेत साखळी सुटली म्हणून ओरड होते. गुजरात जायंट्सने 2 कोटी 23 लाख खर्च करून जी चूक केली, ती आपल्याकडे फुकटात दरवर्षी होते.

गुजरातपुढे आता पुढच्या लिलावाचा प्रश्न आहे. शादलूईला ठेवायचं ठरलं, तर उरलेल्या पैशांतून त्याच्या बाजूचं कव्हर आधी घ्यायला हवं आणि त्यानंतर दोन चढाईपटू, ज्यांच्या नावावर वीस-वीस गुणांचे सामने नसले तरी चालतील, पण जे सहजासहजी पकडले जात नाहीत. अशांची किंमत बाजारात कमी असते, कारण त्यांचे रील बनत नाहीत. हरियाणाला शिवम पटारे असाच मिळाला, दिल्लीला अजिंक्य पवार असाच. दोघंही महाराष्ट्राचे, हे कडोदऱ्याच्या चौकात कोणीतरी सांगणारच.